पेशी वाचली खरी, पण कुणामुळे?

डिसेंबर सरत आला की एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी आमच्याकडे येतात. पुण्यातल्या एका कॉलेजची टिश्यू कल्चर लॅब, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवायची जागा, मी सांभाळते. हूड (निर्जंतुक हवेचं कपाट) कुणाला किती वाजता इथपासून ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) कुणी संपवलं इथपर्यंत सगळा ताप माझ्याच डोक्याला. निम्म्या मुलांच्या हातात अर्जुनसादड्याच्या सालीचा अर्क असतो, बाकीच्यांच्या हातात हळद. विषय आधीच ठरलेला: हृदयाच्या पेशींचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून, म्हणजे ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून, संरक्षण. प्रयोगही ठरलेला. पेशींवर अर्क घालायचा, मग हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, एमटीटी (पेशी किती जगल्या हे रंगावरून अंदाजणारी चाचणी) करायची, जांभळा रंग जास्त आला की "संरक्षक प्रथिनं वाढली" असं लिहून मोकळं व्हायचं.

जांभळ्या रंगाचा आणि संरक्षक प्रथिनांचा संबंध इथे निव्वळ बादरायण आहे. पेशी वाचली हे मान्य. पण ती आतल्या प्रथिनानं वाचवली, की पेरॉक्साइड तिच्यापर्यंत पोचलंच नाही? हे वेगळं काढता आलं तर प्रोजेक्टात दम आहे, नाहीतर नुसती रंगपंचमी. खाली लिहिलेली पद्धत या एका प्रश्नासाठी आहे. साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल अशीच ती आहे. कॉन्फोकल मायक्रोस्कोप लागत नाही.

आधी एकच प्रथिन निवडा

हृदयाच्या स्नायूपेशीला विसावा नाही, म्हणून तिच्यात मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात. पेशीचा साधारण एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला. तिथे ऑक्सिजन वापरला जाताना थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. मायटोकॉन्ड्रियातलं एसओडी२ हे एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. त्या पेरॉक्साइडची विल्हेवाट कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन लावतात. ते उरलं आणि त्याला मोकळं लोह भेटलं, तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. ते समोर येईल त्याला फाडत सुटतं, आणि त्याला आवरणारं एन्झाइम पेशीकडे नाही. म्हणून सगळी मारामारी त्याच्या आधीच्या पायरीवर असते.

हा झाला विल्हेवाट लावणारा गट. दुसरा डागडुजीवाला: एचएसपी७०, एचएसपी२७, अल्फा-बी क्रिस्टलिन (एचएसपी म्हणजे पेशी तापली की वाढणारी उष्णता-प्रथिनं). ऑक्सिडेशननं एखाद्या प्रथिनाची घडी विस्कटली की ही मंडळी त्याला धरून ठेवतात, गुठळ्या होऊ देत नाहीत, आणि एचएसपी७० तर घडी पुन्हा बसवायलाही मदत करतं. तिसरा गट हुकूम सोडणारा, म्हणजे एनआरएफ२ आणि एचएसएफ१. एनआरएफ२ला एरवी केॲप१ नावाचं प्रथिन पकडून मोडीत पाठवत असतं, त्यामुळे त्याचं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांचं. केॲप१मधल्या सिस्टीनांचं ऑक्सिडेशन झालं की ही पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात शिरतं आणि हीम ऑक्सिजनेज-१सारखी जनुकं चालू होतात.

ही नुसती पुस्तकी यादी नाही. १९९५ साली एसओडी२चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. ती पिल्लं हृदय फुगून जन्मल्यापासून दहा दिवसांच्या आत मेली. चीनमधल्या हेलोंगजियांग प्रांतातल्या केशान भागात मुलांना आणि बायकांना हृदयाचा एक आजार व्हायचा. तिथल्या मातीत सेलेनियम कमी आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला तर सेलेनियम हवंच. सेलेनियमच्या गोळ्या द्यायला लागल्यावर तो आजार खूपच खाली आला. डागडुजीवाल्यांचं म्हणाल तर १९८८ साली करी नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना ४२ अंशांवर १५ मिनिटं तापवलं, २४ तासांनी त्यांची हृदयं काढून रक्ताविना ठेवली आणि मग पुन्हा द्रव सोडला, तेव्हा तापवलेली हृदयं जास्त चांगली सावरली. १९९५ साली मार्बर आणि मंडळींनी नुसतं एचएसपी७० जास्त बनवणारे उंदीर घेतले, तरी त्यांच्या हृदयांना मार कमी बसला.

करींच्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा: तापवलेल्या त्या हृदयांत कॅटालेजचं कामही वाढलेलं होतं. म्हणजे श्रेय एकट्या एचएसपीला देता येत नाही. पुढे याची गरज पडणार आहे.

मी मुलांना सुरुवातीला एचएसपी७०च घ्यायला लावते आणि ते वाढवायला उष्णता वापरायला सांगते. एक तर उष्णता फुकट आहे. दुसरं, आणि खरं कारण हे, की उष्णतेचा अंश मिडियात (पेशींच्या अन्नद्रावणात) मागे राहत नाही. अर्क, हळद, गोळी, काहीही घातलं की ते स्वतःच पेरॉक्साइडशी भिडू शकतं. पाणी थंड केलं की उष्णता गेली. अर्क आणलाच असेल तर तो नंतर, एचएसपी७०चा प्रयोग हातात बसल्यावर. गाइडनं अर्कच हवा म्हणून हट्ट धरला तर दोन्ही शेजारी शेजारी चालवा. उष्णतेचा गट तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल.

पेशी

एच९सी२ ही पेशींची लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणारं वाण, उंदराच्या (रॅटच्या) गर्भाच्या हृदयातून काढलेली, १९७६ सालची. पुण्यात असण्याचा फायदा म्हणजे गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचं पेशीभांडार आहे. ज्यांच्याकडे फ्लास्क कुठून आला हे कुणालाच आठवत नाही अशा शेजारच्या लॅबकडून पेशी उसन्या आणू नका. आणल्याच तर आधी मायकोप्लाझ्मा या लपून राहणाऱ्या जिवाणूची पीसीआर करा. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली छान दिसतात आणि ताणाच्या प्रयोगात बेभरवशी वागतात.

हाय ग्लुकोज डीएमईएम (हाच आपला मिडिया), १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. यात नवं काही नाही. जपायचं ते कन्फ्लुअन्सीला, म्हणजे फ्लास्कच्या तळाचा किती भाग पेशींनी व्यापलाय त्याला. एच९सी२ म्हणजे मायोब्लास्ट, कच्च्या स्नायूपेशी. दाटी झाली की त्या एकमेकींत मिसळून लांबट नळ्या बनवायला लागतात आणि एकट्या राहणाऱ्या, वाढणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. म्हणून ७० टक्क्यांवर फ्लास्क फोडायचा, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कांत वाटायच्या; ८० म्हणजे उशीर. शुक्रवारी ६० टक्के दिसला म्हणून तसाच सोडून शनिवार-रविवार गावी जायचं नाही. पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा वाटल्या तो आकडा) फ्लास्कवर लिहा आणि एका प्रोजेक्टातले सगळे प्रयोग पाच-सहा पॅसेजच्या टप्प्यात उरका.

गुरुवारी मोठा प्रयोग लावू नका, दुरुस्तीसाठी लाइट बहुधा त्याच दिवशी जाते. लाइट गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तर इनक्युबेटरचं तापमान उतरतं, पुन्हा चढतं, आणि तुमच्या कंट्रोललाही नकळत झटका बसतो. तापमानावरच प्रयोग असताना हे परवडत नाही.

पेरॉक्साइड: इथेच घोडं पेंड खातं

बाटलीवर ३० टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ९.८ मोलर. पण ते बाटली फॅक्टरीतून निघाली तेव्हाचं. रोज कुणीतरी उघडतं, बाहेर विसरतं, आणि आतलं पेरॉक्साइड पाणी होत जातं. म्हणून लेबलवर विश्वास न ठेवता मोजायचं. १० मायक्रोलिटर पेरॉक्साइड १० मिली पाण्यात, नीट हलवून, क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये २४० नॅनोमीटरला रीडिंग. साधी प्लास्टिकची क्युव्हेट या तरंगलांबीला स्वतःच प्रकाश खाते, ती चालत नाही. रीडिंगला ४३.६नं भागलं की मोलर तीव्रता मिळते. नवी बाटली असेल तर ०.४३च्या आसपास येतं, म्हणजे ९.८ मिलिमोलर. ०.३५ आलं तर तुमच्या हातात ८ मिलिमोलरचंच द्रावण आहे. मग १० मिली मिडियात २०० मायक्रोमोलर हवं असेल तर २०० नाही, २५० मायक्रोलिटर घालावं लागेल. हे द्रावण त्याच दिवशी वापरा, उरलेलं ओतून द्या. आणि ३० टक्क्यांचं हातावर सांडलं की कातडी पांढरी पडून चरचरते, तेव्हा ग्लोव्हज घाला.

आता मिडिया. बऱ्याच डीएमईएममध्ये सोडियम पायरुव्हेट असतं, लिटरला ११० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिमोलर. पायरुव्हेट पेरॉक्साइडशी एन्झाइमशिवाय, आपलं आपणच अभिक्रिया करतं: ॲसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. तुम्ही २०० मायक्रोमोलर पेरॉक्साइड घातलं आणि मिडियात त्याच्या पाचपट पायरुव्हेट बसलंय, तर काही मिनिटांत बरंचसं पेरॉक्साइड पेशीला शिवायच्या आधीच खलास. दोन मुलींच्या शेजारशेजारच्या प्लेटा, तीच पेशी, तोच डोस, आणि एकीच्या पेशी मेल्या, दुसरीच्या मजेत, असा प्रकार झाला की मी आधी मिडियाच्या बाटल्या मागवते. एकीत पायरुव्हेट, दुसरीत नाही. बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा आणि पेरॉक्साइडच्या वेळेपुरता पायरुव्हेट नसलेला, सीरम नसलेला मिडिया वापरा. सीरममध्येही पेरॉक्साइड फस्त करणाऱ्या गोष्टी असतात.

त्याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पेशींची संख्या. मिडियातलं पेरॉक्साइड पेशीच संपवतात. तासाभरात बहुतेक गेलेलं असतं. त्यामुळे किती मायक्रोमोलर घातलं यापेक्षा पेशीमागे किती आलं हे महत्त्वाचं. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे १०,००० पेशी आणि १०० मायक्रोलिटर मिडिया असेल, तर २०० मायक्रोमोलर म्हणजे २० नॅनोमोल, पेशीमागे २ पिकोमोल. ब्लॉटसाठी (पेशीत एखादं प्रथिन किती आहे हे पट्ट्यांवरून बघण्यासाठी) ६ वेलच्या प्लेटमध्ये ३ लाख पेशी आणि २ मिली मिडिया घेतलात, तर त्याच २०० मायक्रोमोलरला ४०० नॅनोमोल होतात, पेशीमागे १.३ पिकोमोल. डोस तोच लिहिला, मार दोन तृतीयांशच बसला. एमटीटी एक सांगते आणि ब्लॉट भलतंच, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. मोठ्या प्लेटला ३०० मायक्रोमोलर लावा, म्हणजे हिशेब जुळतो.

डोस ठरवायला ०, ५०, १००, २००, ४००, ८०० मायक्रोमोलर अशी पायरी लावा. चार तास पेरॉक्साइड, मग ताजा पूर्ण मिडिया, आणि दुसऱ्या दिवशी मोजणी. निम्म्याच्या आसपास पेशी जगतील तो डोस तुमचा. ९० टक्के जगत असतील तर वाचवायला जागाच नाही, १० टक्के जगत असतील तर कोणतंच प्रथिन पुरं पडणार नाही. दुसऱ्या लॅबच्या पेपरमधला डोस उचलू नका. प्लेटच्या कडेच्या वेल्समध्ये नुसतं पीबीएस (मिठाचं बफर) भरा. तिथलं पाणी उडतं आणि आकडे वेडेवाकडे येतात.

उष्णतेचा झटका

प्लेट वॉटर बाथमध्ये तरंगवण्याचा उद्योग करू नका. मधल्या आणि कडेच्या वेलच्या तापमानात फरक पडतो. टी-२५ फ्लास्क घ्या, तळ ७० टक्के पेशींनी भरलेला. ठरलेल्या तापमानाला आधीच गरम करून ठेवलेला मिडिया घाला आणि त्यात २० मिलिमोलर हेपेस (पीएच धरून ठेवणारं बफर) असू द्या, कारण झाकण घट्ट लावल्यावर कार्बन डायऑक्साइड मिळणार नाही आणि पीएच चढेल. झाकणाला पॅराफिल्म गुंडाळा. फ्लास्क ४२ अंशांच्या पाण्यात अशा रीतीनं बुडवा की पेशी असलेली बाजू पूर्ण पाण्याखाली राहील. वॉटर बाथच्या काट्यावर भरवसा नको: शेजारी पेशी नसलेला, नुसतं पाणी भरलेला फ्लास्क ठेवून त्यात थर्मामीटर सोडा, आणि त्या थर्मामीटरनं ४२ दाखवल्यावर घड्याळ लावा. एक तास पुरे. ४४ला गेलात तर संरक्षण राहिलं बाजूला, उष्णतेनंच पेशी मरतील.

कंट्रोल फ्लास्कही तसाच पॅराफिल्म लावून, तेवढाच वेळ, ३७ अंशांच्या पाण्यात. तो इनक्युबेटरमध्ये निवांत ठेवला तर तुम्ही उष्णता नाही, झाकण बंद केल्याचा परिणाम मोजताय.

मग दोन्ही फ्लास्क ताज्या मिडियासह इनक्युबेटरमध्ये. चार-पाच तासांनी ट्रिप्सिन करून, ट्रायपॅन ब्ल्यूनं (हा रंग मेलेल्या पेशींतच शिरतो) जिवंत पेशी मोजून, दोन्ही गटांतून वेलमागे बरोबर १०,००० घालायच्या. पेशी आधीच प्लेटमध्ये लावून का नाही तापवल्या, असं मुलं विचारतात. कारण तापवल्यावर पेशी काही तास वाढायच्या थांबतात. कंट्रोलच्या वेलमध्ये पेशी जास्त झाल्या की पेशीमागे पेरॉक्साइड कमी येतं, आणि वरचं सगळं गणित बिघडतं. उष्णतेपासून २४ तासांनी पेरॉक्साइड. त्याच वेळी उरलेल्या पेशींतून ब्लॉटचा नमुना काढून ठेवा, कारण एचएसपी७० वाढलंच नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

अर्क आणणाऱ्यांसाठी

तुमच्या वाटेत तीन ठिकाणी पाणी मुरतं.

पहिलं, अर्क पेरॉक्साइडला बाहेरच गाठतो का? पेशी नसलेल्या वेलमध्ये मिडिया, अर्क आणि पेरॉक्साइड एकत्र करा; ०, १५, ३०, ६० मिनिटांनी उरलेलं पेरॉक्साइड मोजा. फेरस अमोनियम सल्फेट आणि झायलेनॉल ऑरेंजची रीत स्वस्त आहे, ५६० नॅनोमीटरला वाचता येते. अर्कातली पॉलिफेनॉल्स लोहाला धरतात, म्हणून स्टँडर्ड कर्व्हमध्येही तेवढाच अर्क घाला. खऱ्या प्रयोगात अर्क २४ तास द्या, पीबीएसनं दोनदा धुवा, आणि मगच पेरॉक्साइड. अर्क आणि पेरॉक्साइड एकत्र घालून आलेल्या निकालावरून पेशीतल्या प्रथिनाबद्दल एक अक्षरही लिहिता येत नाही. प्रथिन बनायला वेळ लागतो. म्हणून एक गट असा ठेवा ज्याला अर्क फक्त ३० मिनिटं मिळतो. ३० मिनिटांचा गट २४ तासांच्या गटाइतकाच वाचला, तर नव्यानं बनलेल्या प्रथिनाचा त्यात हात नाही.

दुसरं याच्या अगदी उलट. डीएमईएममध्ये कितीतरी पॉलिफेनॉल्सचं आपोआप ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडच तयार होतं. म्हणजे तुमचा "अँटिऑक्सिडंट" अर्क रात्रभर पेशींना पेरॉक्साइडचे हलके चटके देत बसलेला असू शकतो, आणि त्या चटक्यांनीच एनआरएफ२ जागं झालेलं असू शकतं. तपासायचं सोपं आहे: अर्काच्या त्या २४ तासांत मिडियात कॅटालेज घाला. संरक्षण नाहीसं झालं तर उत्तर मिळालं. मला विचाराल तर हा निकाल "अर्कानं संरक्षण केलं" यापेक्षा कितीतरी मजेशीर आहे, पण मुलांचे चेहरे पडतात.

तिसरं एमटीटीचं. अर्कातले पदार्थ एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करू शकतात. एमटीटी, अर्क आणि मिडिया, पेशी शून्य, असा एक वेल ठेवा. रंग आला तर एमटीटी तुमच्या कामाची नाही.

मोजायचं कशानं

एमटीटी जिवंत पेशी मोजत नाही, पेशींची क्षपण करण्याची ताकद मोजते. मायटोकॉन्ड्रिया दबलेल्या पण जिवंत पेशी तिला मेल्यासारख्या दिसतात. म्हणून जोडीला एलडीएच घ्या, म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर सांडलेलं एन्झाइम. सीरममध्येही एलडीएच असतं, तेव्हा एलडीएचच्या वेल्सना पेरॉक्साइडनंतरचा मिडियाही सीरमशिवायचा. दोन्ही चाचण्या एकाच दिशेला गेल्या की निश्चिंत व्हा.

डीसीएफ या ऑक्सिडेशन दाखवणाऱ्या रंगाची हिरवी चमक सगळ्यांना हवी असते, कारण फोटो छान येतो. १० मायक्रोमोलर डीसीएफएच-डीए, अंधारात ३० मिनिटं, धुवायचं, आणि फिनॉल रेड नसलेल्या बफरमध्ये वाचायचं. पण लक्षात घ्या, हायड्रोजन पेरॉक्साइड या रंगाला थेट पेटवत नाही. मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेजसारखं काहीतरी लागतं. मरणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून सांडलेलं सायटोक्रोम-सीसुद्धा तो पेटवतं. ट्यूबलाइटखाली प्लेट राहिली तरी चमक वाढते. तेव्हा "ऑक्सिडेशन वाढलं" एवढंच म्हणा, "पेरॉक्साइड इतकं होतं" म्हणू नका.

काढून बघा

इथपर्यंत तुमच्याकडे काय आहे? तापवल्यावर एचएसपी७० वाढलं आणि पेशी जास्त वाचल्या. दोन्ही एकाच वेळी झालं, इतकंच. करींच्या उंदरांतलं ते कॅटालेज आठवा. एचएसपी७० काढून घ्यायचं आणि संरक्षण जातं का बघायचं, एवढाच याला इलाज आहे.

पैसे असतील तर एसआयआरएनए, म्हणजे ठरलेलं जनुक गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा. रॅटमध्ये एचएसपी७०ची एचएसपीए१ए आणि एचएसपीए१बी अशी दोन जवळपास सारखी जनुकं आहेत, तेव्हा दोघांना लागू पडेल असा क्रम मागवा. एकच गप्प केलं तर दुसरं काम चालू ठेवतं. सोबत स्क्रॅम्बल्ड कंट्रोल, म्हणजे कोणत्याच जनुकाला लागू न पडणारा उलटसुलट क्रम. पहिल्या दिवशी ट्रान्सफेक्शन (तो तुकडा पेशींत घालणं), दुसऱ्या दिवशी उष्णता, तिसऱ्या दिवशी पेरॉक्साइड. गट आठ: स्क्रॅम्बल्ड किंवा एसआयआरएनए, तापवलेले किंवा न तापवलेले, पेरॉक्साइडसह आणि पेरॉक्साइडविना. पेरॉक्साइड नसलेले चार गट वाचवायच्या मोहात पडू नका. एसआयआरएनएनंच पेशी आजारी पडल्या असतील तर ते फक्त तिथेच दिसतं.

पैसे नसतील तर औषधं, आणि प्रत्येक औषधाची खोड आधी माहीत हवी. क्वेर्सेटिन उष्णता-प्रथिनं बनू देत नाही, हे खरं. पण ते स्वतः अँटिऑक्सिडंट आहे. प्रथिन अडवतं आणि पेरॉक्साइडपासून वाचवतंही. या प्रयोगाला ते कुचकामी, केएनके४३७ हे दुसरं औषध बरं. हीम ऑक्सिजनेज-१वर काम करत असाल तर झिंक प्रोटोपॉर्फिरिन वापरलं जातं. ते एन्झाइमचं काम बंद पाडतं, पण त्या प्रथिनाचं प्रमाण मात्र वाढवतं. ब्लॉटवर गडद बँड बघून "इनहिबिटर चाललाच नाही" म्हणत बसू नका. त्याला उजेडही सोसत नाही. हूडचा दिवा मंद ठेवा, ट्यूबला फॉइल गुंडाळा.

प्रथिन गेलं आणि संरक्षणही गेलं: छान. प्रथिन गेलं तरी संरक्षण अर्धं टिकलं: तेही छान, बाकीचं अर्धं एचएसपी२७, कॅटालेज किंवा आणखी कुणीतरी करतंय. त्या उरलेल्या पेशींत कॅटालेजचं काम मोजा. २४० नॅनोमीटरलाच होतं, मशीन तेच.

ब्लॉट

एचएसपी७०चा भाऊ एचएससी७० पेशीत कायमच असतो आणि जवळपास त्याच उंचीवर दिसतो. अँटिबॉडी दोघांना ओळखणारी असेल तर न तापवलेल्या लेनमध्येही भरघोस बँड येतो आणि उष्णतेनं काही वाढलंच नाही असं वाटतं. फक्त तापल्यावर बनणाऱ्या प्रकाराला ओळखणारी घ्या.

एनआरएफ२ बघणाऱ्यांनो, अमिनो आम्लांच्या हिशेबानं ते ६६-६८ किलोडाल्टन भरतं, पण जेलवर ते ९५ ते ११०च्या मध्ये धावतं. ६८ला सुंदर बँड मिळाला म्हणून पेढे वाटू नका, तो दुसऱ्याच कुणाचा आहे. आणि २० मिनिटांच्या अर्धायुष्यामुळे रेंगाळून चालत नाही: मिडिया काढला, बर्फावर एकदा धुतलं, गरम सॅम्पल बफर थेट वेलमध्ये.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रथिन गेलं का, हे सांगणारा) म्हणून जीएपीडीएच हे प्रथिन घेऊ नका. त्याच्या सक्रिय जागीच सिस्टीन आहे आणि पेरॉक्साइड पहिला हात त्याच्यावरच टाकतं. ऑक्सिडेशनच्या प्रयोगात त्यालाच पंच नेमणं मला पटत नाही. पॉन्सो हा सगळी प्रथिनं रंगवणारा रंग लावून सगळ्या लेनचा एकूण रंग मोजा, स्वस्त आणि निर्धोक.

लिहिताना आणि व्हायव्हाला

एकाच प्लेटमधले सहा वेल म्हणजे n=६ नाही, n=१. वेगवेगळ्या पॅसेजवर, वेगवेगळ्या दिवशी केलेले किमान तीन प्रयोग म्हणजे n=३. ब्लॉटचा फोटो कापण्याआधीचा अख्खा जपून ठेवा, मार्करसकट.

निष्कर्षात "अर्जुन हृदयाचं रक्षण करतो" असलं काही नको. वाचणारा काका उद्या गोळ्या बंद करून साल उकळायला घेईल. अँटिऑक्सिडंट पोटात घेतलं की हृदय वाचतं, हे माणसांत इतकं सरळ नाही: २००० साली होप नावाच्या चाचणीचे निकाल आले, नऊ हजारांवर रुग्ण, काही वर्षं रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व, आणि हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू काही कमी झाले नाहीत. क्षपणाचा अतिरेकही बाधतो. अल्फा-बी क्रिस्टलिनमध्ये आर१२०जी हा बदल असलेल्या उंदरांच्या हृदयात क्षपण करणाऱ्या ग्लुटाथायोनची बाजू नको तितकी जड झालेली आढळली आणि त्यांची हृदयं त्यातच आजारी पडत होती, हे २००७ साली दाखवलं गेलं. परीक्षक यावर नेमका प्रश्न काढतात.

दुसरा हमखास प्रश्न: "तुमच्या या पेशी धडधडतात का?" नाही, सर. या मायोब्लास्ट आहेत, आकुंचन पावत नाहीत, प्रौढ स्नायूपेशीइतके मायटोकॉन्ड्रियाही यांच्यात नाहीत. नवजात उंदराच्या हृदयातून ताज्या पेशी काढून हेच पुन्हा करायला हवं, त्यासाठी प्राणी-नीती समितीची परवानगी लागते आणि प्रोजेक्टच्या चार महिन्यांत ती येत नाही. एवढं सांगून थांबा. पुढचा प्रश्न बहुधा पायरुव्हेटचा असेल.